अँटिबायोटिक आणि रेझिस्टन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँटिबायोटिक म्हणजे नेमकं कुठलं औषध?

जिवाणूंना मारणारं किंवा त्यांची वाढ रोखणारं औषध. मराठीत त्याला प्रतिजैविक म्हणतात. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. पॅरासिटामॉल, सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध यांतलं काहीच अँटिबायोटिक नाही. पण चिठ्ठीवर ही सगळी एकाखाली एक लिहून येतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. ताप उतरवते पॅरासिटामॉल, श्रेय जातं अँटिबायोटिकला. त्यात विषाणूचा ताप बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहूनच उतरणीला लागतो, त्याचंही श्रेय अँटिबायोटिकलाच.

ते जिवाणूंना मारतं, मग आपल्या पेशींना का नाही?

कारण ते अशाच जागी घाव घालतं जी जिवाणूकडे असते आणि आपल्याकडे नसते, किंवा असली तरी वेगळ्या घडणीची असते. जिवाणूभोवती एक कडक भिंत असते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही मंडळी त्या भिंतीचे टाके घालणाऱ्या एन्झाइमला अडवतात. वाढणाऱ्या जिवाणूची भिंत उसवते आणि आतल्या दाबानं तो फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही. अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, जाऊन बसतात. आपलं रायबोसोम वेगळ्या घडणीचं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम अडकवतं. सल्फा गटातली औषधं फोलेट हे जीवनसत्त्व बनवण्याची साखळी तोडतात. आपण फोलेट अन्नातून घेतो, जिवाणूला ते स्वतः बनवावं लागतं.

विषाणूकडे यातलं काहीच नसतं. ना भिंत, ना स्वतःचं रायबोसोम. तो आपल्याच पेशीत शिरून आपलीच यंत्रं वापरतो. म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू, कोविड यांच्या विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. कमी चालतं असंही नाही, अजिबात चालत नाही.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला, कफ घट्ट झाला. आता तरी अँटिबायोटिक लागणार ना?

नाही. तो हिरवा रंग जंतूंचा नसतोच. न्यूट्रोफिल नावाच्या आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये लोह असलेलं एक हिरवं एन्झाइम असतं. त्या पेशी नाकात गोळा होऊन मेल्या की शेंबडाला तो रंग येतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही हे होतं. आधी पाणी, मग पांढरट, मग पिवळा-हिरवा, मग पुन्हा पातळ, असा सर्दीचा ठरलेला प्रवास असतो.

दिवस मोजणं रंगापेक्षा कामाचं. साधी सर्दी ७ ते १० दिवस चालते. छातीत कफ झालेला खोकला ३ आठवडेही रेंगाळतो आणि तरीही तो विषाणूचाच असू शकतो. सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाल्याची शंका तीन प्रकारांत घ्यावी: १० दिवस उलटूनही काडीचा उतार नाही, बरं वाटायला लागून पुन्हा उलटलं, किंवा ३-४ दिवस सलग ३९ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आणि सोबत पू किंवा चेहऱ्यात ठणका.

घसा दुखतोय. तिथे तर जिवाणू असतात ना?

कधीकधी. घशात पाहताना डॉक्टर चार गोष्टी जुळवतात: ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत का, मानेच्या पुढच्या गाठी दाबल्यावर दुखतात का, आणि खोकला नाही ना. चौथा मुद्दा लोकांना उलटा वाटतो, पण नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, असा घसा बहुधा विषाणूचा. चारपैकी तीन-चार जुळले तर घशाचा स्वॅब घेण्यात अर्थ आहे. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू निघाला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, सहसा १० दिवस. इतके दिवस कशाला, तर त्या जंतूमुळे पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप येऊ नये म्हणून.

गरज नसताना, नुसतं खबरदारी म्हणून घेतलं तर बिघडतं काय?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

गोळी घशासाठी घेतली तरी औषध घशापुरतं राहत नाही. ते रक्तातून सगळीकडे जातं आणि आतड्यातही पोचतं. आतड्यात अब्जावधी जिवाणू गुण्यागोविंदानं राहत असतात. त्यांतले औषधाला बळी पडणारे मरतात. ज्यांच्याकडे योगायोगानं त्या औषधाचा तोड असतो ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत फोफावतात. आजार सर्दीचा होता, विषाणूचा होता, त्याला ओरखडाही उठला नाही. निवड झाली ती आतड्यातल्या ई. कोलाय नावाच्या जिवाणूची. काही महिन्यांनी हाच ई. कोलाय मूत्रमार्गात शिरतो, लघवीला जळजळ होते, आणि नेहमीची गोळी लागू पडत नाही. तेव्हा ती जुनी सर्दी कुणाच्याही ध्यानात नसते.

कोर्सनंतर अंगावरच्या जिवाणूंमधला हा बदल पहिल्या महिन्यात सर्वांत ठळक असतो आणि वर्षभरापर्यंतही सापडतो. म्हणून डॉक्टरांनी 'गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का?' असं विचारलं तर आठवून नाव सांगा. त्यावरून औषधाची निवड बदलते.

रेझिस्टन्स येतो कुणाला, मला की जंतूंना?

जंतूंना. 'माझ्या शरीराला त्या गोळीची सवय झाली' हे वाक्य फार ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. औषधाला दाद न देणारा जिवाणू तुमच्याकडे दुसऱ्याकडूनही येऊ शकतो: हातांवरून, पाण्यातून, अन्नातून, दवाखान्यातल्या नळीवरून. जन्मात कधी अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही असा संसर्ग होऊ शकतो. मराठीत याला प्रतिरोध म्हणतात. दवाखान्यात आणि रिपोर्टवर मात्र रेझिस्टन्स हाच शब्द भेटेल.

जिवाणूंना हा तोड सापडतो कसा?

दोन वाटांनी. पहिली वाट नकलेतल्या चुकांची. चांगली परिस्थिती मिळाली तर ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका निरुपयोगी. कोट्यवधींत एखादी अशी लागते की औषधाची बसायची जागाच बदलून जाते.

२०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हे उघड्या डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. सुमारे १२० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद असा एक ट्रे घेतला, त्यात जेली ओतली. दोन्ही टोकांना औषध शून्य, आत येताना आधी जिवाणूला जेमतेम मारेल इतकं, मग टप्प्याटप्प्यानं त्याच्या १० पट, १०० पट, मधोमध हजार पट. टोकांना ई. कोलाय सोडला. तो पांढरा थर पहिल्या सीमेपर्यंत पसरतो आणि थबकतो. मग सीमेवर एका ठिकाणी ठिपका फुटतो, पंख्यासारखा उघडतो, पुढच्या सीमेवर पुन्हा थबकतो, पुन्हा एक ठिपका. साधारण ११-१२ दिवसांत तो मध्यावर पोचला.

दुसरी वाट उसनवारीची, आणि दवाखान्यांना जास्त त्रास हीच देते. जिवाणूंकडे मुख्य डीएनएखेरीज प्लाझ्मिड नावाची छोटी गोल कडी असते. ती एका जिवाणूकडून शेजाऱ्याकडे जाते, जातही आडवी येत नाही. एकाच कडीवर चार-पाच औषधांचे तोड असू शकतात. त्यामुळे एक औषध वापरलं की बाकीच्यांविरुद्धचेही तोड फुकटात जपले जातात.

तोड मुख्यतः चार तऱ्हांचे. औषध कापून टाकणारं एन्झाइम बनवणं. औषध बसायची जागा बदलणं. आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकणं. आणि आत यायची दारंच कमी करणं. पहिल्या तऱ्हेचा तोड पेनिसिलिनइतकाच जुना म्हणावा लागेल. पेनिसिलिन कापणाऱ्या एन्झाइमबद्दल ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी डिसेंबर १९४० मध्येच लिहिलं. तिथल्या पहिल्या रुग्णावर पेनिसिलिनच्या इंजेक्शननं उपचार झाले ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्हुलॅनिक ॲसिड घालतात ते याच एन्झाइमला गुंतवून ठेवण्यासाठी. आणि कॅनडातल्या ३० हजार वर्षं गोठलेल्या मातीच्या थरातही रेझिस्टन्सची जनुकं सापडली आहेत. मातीतले जिवाणू आणि बुरश्या एकमेकांवर ही अस्त्रं माणसाच्या कितीतरी आधीपासून सोडत आल्या आहेत. आपण फक्त निवडीचा वेग वाढवला.

हे प्रकरण किती गंभीर आहे?

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टंट जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या मृत्यूंत असा संसर्ग सोबतीला होता ते धरले तर आकडा ४९.५ लाख. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, कमी दिवसांच्या बाळांची काळजी हे सगळं अँटिबायोटिक लागू पडेल या भरवशावर चालतं, हे या आकड्यांत दिसत नाही.

कोर्स पूर्ण करायचा, की बरं वाटलं की थांबवायचं?

'कोर्स अर्धवट सोडला की रेझिस्टन्स येतो' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धंच खरं आहे.

खरं कुठे? टीबीमध्ये. फुफ्फुसातल्या एका पोकळीत १० कोटी जंतू सहज असतात. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू साधारण १० कोटींत एक आपोआप निपजतो, आयसोनियाझिडला न दबणारा १० लाखांत एक. म्हणजे औषध सुरू करायच्या आधीच दोन्ही प्रकारचे जंतू तिथे हजर. एकच औषध दिलं तर ते वेचून वाढतील. दोन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणारा जंतू मात्र एकावर १४ शून्यं इतक्या जंतूंत एखादा. म्हणून टीबीला औषधं एकत्र देतात, पहिले २ महिने चार आणि पुढे ४ महिने कमी. यातलं एखादं औषध मधेच सोडणं किंवा खाडे करणं म्हणजे त्या हिशोबावर पाणी सोडणं. इथे कोर्स अक्षरशः पूर्ण करायचा.

पण बाकीच्या नेहमीच्या संसर्गांत उलटं दिसून आलं आहे. कोर्सचे दिवस कमी केले तरी रुग्ण तितकेच बरे होतात, आणि आतड्यातल्या जिवाणूंवरचा दाब कमी दिवस राहतो. न्यूमोनिया साधा असेल, ताप जाऊन ४८ तास झाले असतील, श्वास-नाडी ठीक असेल तर ५ दिवस पुरतात. स्त्रियांच्या मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस, तर फॉस्फोमायसिनचा ३ ग्रॅमचा एकच डोस. पूर्वी याच आजारांना सर्रास १०-१४ दिवस लिहून दिले जात.

मग करायचं काय? लिहून घेतानाच विचारा: 'किती दिवस? आणि त्याहून कमी चालेल का?' एकदा ठरले की तेवढे दिवस घ्या. मधेच बरं वाटलं आणि थांबावंसं वाटलं तर स्वतः न ठरवता फोन करा. काही आजारांत डॉक्टर खुशाल थांबवायला सांगतील. तपासणीत जिवाणूंचा संसर्ग नव्हताच असं निघालं तर उरलेला कोर्स पूर्ण करण्यात काहीही पुण्य नाही.

कुठली गोळी दिवसातून तीनदा, कुठली एकदाच. असं का?

अमॉक्सिसिलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण एका तासात निम्म्यावर येतं. ते काम करतं वेळेच्या हिशोबानं: जंतूला रोखणाऱ्या पातळीच्या वर ते दिवसाचे किती तास राहिलं यावर. म्हणून दर ८ तासांनी. सकाळ-दुपार-संध्याकाळ घेतली आणि रात्रीचे १४ तास रिकामे सोडले तर 'दिवसातून तीनदा' झालं, पण ८ तासांचं अंतर गेलं. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० हे सोपं वेळापत्रक. अझिथ्रोमायसिन मात्र पेशींत जाऊन बसतं आणि निम्मं व्हायला अडीच दिवसांच्या वर घेतं, म्हणून दिवसातून एकदा, ३ ते ५ दिवस, आणि गोळ्या संपल्यावरही ते काही दिवस अंगात असतं.

डोस चुकला तर?

आठवताच घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस बहुधा पुन्हा घ्यावा लागतो, विचारून घ्या.

दुधाबरोबर, जेवणाबरोबर की उपाशीपोटी?

औषधागणिक वेगळं, पण काही पक्क्या गोष्टी. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांना कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम घट्ट चिकटतात आणि औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. दूध-दही, कॅल्शियमची किंवा रक्तवाढीची गोळी, ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध, सगळ्यांना हेच लागू. दुधापासून २ तासांचं अंतर ठेवा. ॲसिडिटीच्या औषधाआधी सिप्रोफ्लॉक्सासिन २ तास तरी घ्यावं, नंतर घ्यायचं तर ६ तासांनी. गर्भवतीची किंवा ॲनिमियाच्या रुग्णाची लोहाची गोळी चिठ्ठीत आधीपासून असते आणि अंतर सांगायचं राहून जातं. 'औषध लागू पडलं नाही' यातल्या काही तक्रारी इथल्या असतात.

डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल पेलाभर पाण्याबरोबर, उभ्यानं किंवा बसून घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कोरडी गिळून झोपलं तर ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे व्रण करते. मग दोन दिवस घोट गिळवत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड जेवायला बसताना, पहिल्या घासाबरोबर, म्हणजे पोट कमी बिघडतं. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर. रिफॅम्पिसिन उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका.

मुलांचं पावडरचं सिरप कसं बनवायचं?

इथे होणाऱ्या चुका फार साध्या आणि फार महाग असतात.

बाटली उघडण्याआधी उलटसुलट करून तळाला ठोका, पावडर मोकळी होऊ द्या. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. सोबत पाण्याची कुपी आली असेल तर तीच वापरा. आधी खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवा. एकदम खुणेपर्यंत भरून हलवलं की पावडर भिजून पातळी खाली जाते. ती पुन्हा खुणेला आणली नाही तर औषध दाट होतं, आणि खुणेच्या वर गेलं तर पातळ. तळाशी गठ्ठा राहिला तर पहिले डोस पातळ आणि शेवटचे दाट, म्हणून प्रत्येक वेळी देण्याआधी हलवायचं.

बाटलीवर बनवल्याची तारीख लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि ७ दिवसांनी टाकून द्यावं लागतं. इतरांचे दिवस लेबलवर वेगवेगळे असतात. फ्रीझरमध्ये नको.

आणि डोस मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असतो, तुम्ही मोजता मिलिलिटर. २५० मिलिग्रॅम द्यायचं असेल तर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून १० मिलिलिटर, आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० असलेल्या बाटलीतून ५. एकाच औषधाच्या दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात. घरातला चमचा वापरू नका, कुठला ३ मिलिलिटरचा, कुठला ७ चा. सोबतचं माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडलं तर मूल थुंकतही नाही.

मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, लहानपणी पुरळ आलं होतं.

असू शकते; पण बहुधा नसते. अशी नोंद असलेल्या १०० जणांची रीतसर तपासणी केली तर ९० हून अधिक जण ते औषध बिनधोक घेऊ शकतात. लहानपणीचं पुरळ अनेकदा मूळ विषाणूच्या आजाराचंच असतं, आणि खरी ॲलर्जीही वर्षागणिक ओसरत जाते. मळमळ आणि पातळ शौच ही ॲलर्जी नाही. हा खटाटोप कशासाठी, तर 'ॲलर्जी' असा शिक्का बसला की पुढे आयुष्यभर जास्त व्यापक मारा करणारी औषधं वापरली जातात.

तासाभरात अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, चक्कर येणं ही खरी आणि तातडीची लक्षणं. काही दिवसांनी कातडी सोलवटणं, फोड, तोंडात-डोळ्यांत जखमा होणं हेही तितकंच गंभीर. अशा माणसानं घरच्या घरी 'थोडं घेऊन बघू' हा प्रयोग कधीच करू नये.

गोळ्यांनी जुलाब लागले. थांबवू का?

एक-दोनदा पातळ होणं नेहमीचं. कोर्स संपल्यावर थांबतं. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होत असेल, पोटात कळ, ताप किंवा शौचात रक्त असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. मित्र जिवाणू मेल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू आतड्यात डोकं वर काढतो. कोर्स संपून काही आठवडे झाले तरी हे होऊ शकतं. त्यात जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनानं घेऊ नका.

कल्चर रिपोर्ट कसा वाचायचा?

कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून तपासणं. रिपोर्ट चांगला येण्यासाठी नमुना चांगला हवा. लघवी किंवा रक्त पहिला डोस घेण्याआधी द्या. एक गोळी घेऊन गेलात तरी जंतू उगवेनासे होऊ शकतात. लघवीसाठी जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. २ तासांत लॅबमध्ये पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या डबीत दोन-चार चुकार जंतूंचे लाखो होतात. उत्तर यायला २ दिवस लागतात, कारण आधी जंतू वाढवावा लागतो आणि मग त्याच्यासमोर एकेक औषध ठेवून रात्रभर थांबावं लागतं.

लघवीत एका मिलिलिटरला १ लाख किंवा जास्त एकाच जातीचे जंतू म्हणजे संसर्गाकडे बोट. तीन-चार जातींची खिचडी असेल तर बहुधा नमुना बिघडलाय. आणि कसलाच त्रास नसताना नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर औषध लागत नाही. गर्भवती स्त्री आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचा रुग्ण हे अपवाद. वयस्कर माणसांना या एका गैरसमजापायी किती अँटिबायोटिक दिलं जातं याला सुमार नाही.

खाली औषधांची यादी असते, पुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे नाही. आयचा अर्थ युरोपीय पद्धतीत २०१९ पासून 'वाढीव डोस दिला तर लागू पडेल' असा आहे. शेजारी एमआयसी हा आकडा असतो: जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. इथे सगळे फसतात. एका औषधापुढे ०.५ आणि दुसऱ्यापुढे २ असेल तर पहिलं चारपट चांगलं, असं नाही. प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी. आकडा त्या-त्या रेषेशी ताडायचा, शेजारच्या औषधाशी नाही.

शिवाय एस लिहिलंय म्हणून ते औषध चालेलच असंही नाही. नायट्रोफ्युरँटॉइन फक्त लघवीत साठतं. मूत्राशयाला उत्तम, किडनीपर्यंत चढलेल्या संसर्गाला निरुपयोगी. टायफॉइडचा जंतू प्रयोगशाळेत जेंटामायसिननं मरतो, माणसात मरत नाही, कारण तो पेशींच्या आत दडून बसतो आणि औषध तिथवर पोचत नाही. रिपोर्ट घेऊन थेट औषधाच्या दुकानात जाऊ नका, ते यासाठी.

'हाय पॉवर'चं दिलं तर लवकर बरं वाटेल का?

अँटिबायोटिकमध्ये पॉवर अशी काही गोष्ट नाही. कुठल्या जंतूवर कुठलं चालतं एवढंच असतं. स्ट्रेप्टोकोकसच्या घशाला जुनं, साधं पेनिसिलिन आजही पहिल्या पसंतीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून अँटिबायोटिकची तीन गटांत वाटणी केली आहे: नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात, अझिथ्रोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दुसऱ्या, कोलिस्टिन आणि लिनेझोलिड तिसऱ्या. अझिथ्रोमायसिन 'जपून'च्या गटात आहे हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण तीन गोळ्यांची ती स्ट्रिप सर्दीवर हमखास आणली जाते.

गेल्या वेळच्या गोळ्या उरल्यात. याच त्रासाला चालतील का?

नाही. त्रास तोच वाटला तरी जंतू वेगळा असू शकतो, उरलेला डोस अपुरा असतो, आणि नंतर कल्चर करायचं म्हटलं तर ते आधीच बिघडलेलं असतं. दुसऱ्याला देणं तर त्याहून वाईट. उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, पाण्यातल्या जिवाणूंना आयता सराव मिळतो. परत घेण्याची सोय असेल तर तिथे द्या. नसेल तर स्ट्रिपमधून काढून, माती किंवा चहाचा चोथा यांत कालवून, पिशवी बंद करून कचऱ्यात.

दारू? गर्भनिरोधक गोळ्या?

मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकसोबत आणि ते संपल्यावर २ दिवस तरी दारू नको. इतरांशी थेट वाकडं नसलं तरी आजारपणात ती कशाला, हा प्रश्न उरतोच. गर्भनिरोधक गोळी रिफॅम्पिसिन आणि रिफाब्युटिन यांच्यामुळे निकामी होते. बाकी अँटिबायोटिकमुळे होत नाही. उलटी-जुलाब होत असतील तर मात्र गोळीचा भरवसा धरू नका.

नवीन अँटिबायोटिक का येत नाहीत?

येतात, पण मोजकी, आणि बहुतेक जुन्याच कुळातली. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या जिवाणूंभोवती आणखी एक बाहेरचं आवरण असतं. ते ओलांडेल आणि पंपानं बाहेर फेकलं जाणार नाही असा रेणू सापडणं अवघड. दुसरी अडचण पैशाची. चांगलं नवं औषध राखून ठेवायचं असतं, म्हणजे ते खपत नाही. प्लाझोमायसिनला अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते बनवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

गुरं-कोंबड्यांना दिलेल्या अँटिबायोटिकचा माणसांशी काय संबंध?

जनावर आजारी असताना देणं वेगळं आणि वजन वाढावं म्हणून रोज खाद्यातून थोडं थोडं देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात निवड अखंड चालू राहते. युरोपीय संघानं वाढीसाठीचा हा वापर २००६ पासून पूर्ण बंद केला. कोलिस्टिनचा, म्हणजे राखीवांतल्या एका औषधाचा, प्लाझ्मिडवरून फिरणारा तोड २०१५ मध्ये चीनमधून नोंदला गेला; तो डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडला होता.

आलेला रेझिस्टन्स मागे फिरतो का?

कधीकधी, आणि सावकाश. फिनलंडमध्ये घशाच्या स्ट्रेप्टोकोकसमध्ये एरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स वाढलेला दिसल्यावर त्या गटाच्या औषधांचा वापर देशभर कमी केला. १९९२ मध्ये १६.५ टक्के असलेलं प्रमाण १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आलं. मात्र जिथे एकाच प्लाझ्मिडवर अनेक तोड बसलेले असतात तिथे एक औषध बंद करून फारसं हलत नाही, कारण बाकीची औषधं त्या कडीला जागं ठेवतात.

अँटिबायोटिक टाळायचं ठरवलं, तर वाट कुठपर्यंत पाहायची?

पुढचं काही दिसलं तर वाट पाहू नये: श्वास जोरात चालणं किंवा छाती आत ओढली जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, जागं न होणं, हातपाय गार आणि चट्टेदार पडणं, १२ तास लघवी न होणं, मान ताठ होणं, दाबल्यावर न मावळणारे लाल-जांभळे ठिपके. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप एवढंही पुरे. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्लीहा काढलेल्या माणसाला नुसता ताप आला तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावं. अशा वेळी अँटिबायोटिक मिनिटांच्या हिशोबानं दिलं जातं. रक्ताचं कल्चर घेऊन लगेच, रिपोर्टची वाट न पाहता.